कपबशी, पेव आणि पुराचा गाळ

हरिपूरकरीण (धागाकर्ती), रविवार रात्री

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात छंदांच्या धाग्यावर मी दोन फोटो टाकले होते. एक कपबशीचा, दुसरा गुडघ्याएवढ्या उंचीच्या, पोट सुटलेल्या, चिंचोळ्या तोंडाच्या एका मातीच्या आकाराचा. कपबशीखाली कौतुकाचा पाऊस. दुसऱ्या फोटोखाली चौघांनी मिळून एकच प्रश्न विचारला, "हे काय आहे? ह्याचा उपयोग काय?" उत्तर लिहायला बसले, ते एवढं लांबलं की वेगळा धागाच काढतेय.

आधी ओळख. सांगलीजवळ हरिपूरला राहते. अकरा वर्षं बँकेत नोकरी केली, आता त्याहून थोडी कमी वर्षं माती करतेय. म्हशी विकल्यावर रिकामा झालेला घरामागचा गोठा हे माझं वर्कशॉप. एक विजेचं चाक, एक विजेची भट्टी, त्यासाठी घेतलेलं थ्री फेज कनेक्शन, आणि सासूबाईंच्या जुन्या पातळांचे तुकडे. (ओली माती झाकायला त्यांच्याइतकं मऊ काही मिळत नाही.) मी स्टोनवेअर करते, म्हणजे साधारण १२२० अंशांपर्यंत भाजलेली, पाणी न पिणारी माती. कुंड्या-पणत्यांची लाल माती हजार अंशांच्या आसपास भाजतात, ती सच्छिद्र राहते.

बाहेरगावच्यांना हरिपूर माहीत नसेल तर सांगते. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीखाली खणलेलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र रांजणासारखं पोट. हळद ओतायची, तोंड बुजवून लिंपायचं आणि भाव येईपर्यंत तिकडं बघायचं नाही. शेजारचे तात्या सांगतात, पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे, आधी आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि बहुतेक पेवांचा कारभार आटोपला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हळद गोदामांतल्या पोत्यांत होती.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा आमच्या परसात एक पेव होतं. वरून बघितलं तर नुसती फरशी. पायाखाली दोन माणसं उभी राहतील एवढी मोकळी जागा आहे हे ठाऊक असताना त्या फरशीवर वाळवण घालायचं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही.

आता चाकाकडे येते. नवशिक्याला वाटतं की बाहेरचा हात आकार देतो, कारण तोच दिसतो. खरं काम आतला हात करतो. माझा डावा हात भांड्याच्या आत असतो, तो दाबेल तिथं पोट येतं. बाहेरचा उजवा हात मातीला सांभाळतो, फाटू देत नाही. म्हणजे भांडं आतून बाहेर वाढतं. हे एकदा बोटांना कळलं की कपाकडे बघायची नजरच बदलते. बाहेरून नाजूक दिसावा म्हणून केलेला कप आणि आत दीडशे मिली चहा नीट मावावा म्हणून केलेला कप, हे हातात घेतल्याबरोबर वेगळे कळतात.

कपबशीची कथा अशी. आमचे मामंजी चहा बशीतून पितात. बाजारातल्या बशा सपाट, मध्ये कपासाठी गोल खळगा, चहा ओतला की कडेने ओघळ. मी बशी खोल केली, कड उंच घेतली आणि ओठ लागतो तिथं ती किंचित बाहेर वळवली. मधला खळगा काढून टाकला. परिणाम असा की कप बशीत ठेवला की घसरतो. मी हिरमुसले. मामंजी म्हणाले, "कप बशीत ठेवायचाच कशाला? बशी प्यायला असती." आज माझ्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूत हाच दोष आहे.

दुसरी लढाई चोचीशी. तेलाचं, दुधाचं भांडं ओतून सरळ केलं की एक थेंब खाली ओघळतो. चोचीची कड गोल असेल तर द्रव तिला चिकटून वळसा घेतो. कड धारदार, खाली कापल्यासारखी असेल तर धार तुटते. एवढंच. पण ती धार ओल्या मातीत ठेवायची, भट्टीत ती बोथट होऊ द्यायची नाही आणि धुताना बोटाला लागूही द्यायची नाही, यात माझा एक पावसाळा गेला. माती ओल्यापासून भाजून निघेपर्यंत साधारण बारा टक्के आटते. दहा सेंटिमीटरचा कप ८.८ होऊन बाहेर येतो. चोचही आटते, आणि आटताना थोडी पिळली जाते, कारण चाकाने दिलेला पीळ माती विसरत नाही. म्हणून ती मुद्दाम थोडी वाकडी बसवायची, म्हणजे भट्टीतून सरळ येते.

ह्या सगळ्यातून मग ते 'निरुपयोगी' आकार निघाले. मी त्यांना पेवंच म्हणते. खालचं पोट एका वेळी, वरचं दुसऱ्या वेळी चाकावर काढायचं, दोन्ही अर्धवट वाळली की जोडायची. अर्धवट म्हणजे बोटाचा ठसा उमटेल पण आकार हलणार नाही इतपत. जोडल्यावर एका बाजूने थापटून गोलपणा मोडायचा, कारण जमिनीखालचं पेव कधी गोल नसतं. तोंड मात्र चोचीसारखंच धारदार. ती कड मला दुधाच्या भांड्याने शिकवली, मूर्तिकलेच्या पुस्तकाने नाही.

आणि आता गाळ. ऑगस्ट २०१९. कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या गोठ्यात ते पत्र्याला टेकलं होतं. आठ दिवसांनी दार ढकललं तर फळीवरची साठेक कच्ची भांडी नाहीशी झाली होती. फुटली नव्हती, विरघळली होती. न भाजलेली माती पाण्यात पुन्हा माती होते, हे मी शिकवणीत पोरांना हसत हसत सांगायचे. भाजलेली भांडी होती तिथंच होती आणि प्रत्येक कपात काठोकाठ गाळ. जणू कुणी मोजून भरलाय.

तो गाळ मी फेकला नाही. फेकायला तेव्हा ताकदही नव्हती. दोन बादल्या बाजूला ठेवल्या, भट्टीची तार बदलून ती चालू झाल्यावर त्यातला थोडा वाळवून, चाळून, चाचणीच्या तुकड्यांवर लावला. आपल्याकडचा गाळ म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड झिजून आलेला. लोह भरपूर, शिवाय चुना-मॅग्नेशियम. त्यामुळे ज्या तापमानाला माझी मूळ माती नुसती घट्ट होते, तिथं हा गाळ वितळायला लागतो. एकटा लावला तर चॉकलेटी, कोरडा, थोडा रुसलेला. त्यात लाकडाची राख आणि थोडं फेल्डस्पार (माती वितळायला मदत करणारं खनिज) घातलं की काळा, तेलकट चकाकीचा, कडांना पातळ झाला की तांबूस. उसाच्या चिपाडाची राखही घालून बघितली, सांगलीत तिला काय तोटा! पण तिच्यात सिलिका फार, ती वितळायला तयार नाही. लाकडाच्या राखेत चुना जास्त, ती उलट वाहवत नेते. पहिल्या उत्साहात राख एवढी घातली की ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, ओघळून कप भट्टीच्या फळीलाच चिकटले. छिन्नी घेऊन बसले होते दोन दिवस.

तर चौघांनी विचारलेल्या त्या फोटोत जे दिसत नाही ते हे. पेवाच्या बाहेर मी काहीच लावत नाही, नुसती भाजलेली माती. आत गाळाचं ग्लेझ ओतून घुसळते, एका उंचीपर्यंत. तोंडातून हात घातला तर वर खरखरीत लागतं आणि मग एका रेषेपासून एकदम गुळगुळीत. तेवढ्या रेषेसाठी सगळा खटाटोप. प्रदर्शनात लोक हात घालायला घाबरतात, मग एखादं लहान पोर सरळ खांद्यापर्यंत हात घालतं.

उपयोग विचारलात. त्यात हात घालता येतो.

भट्टी आज लावलीय, उद्या संध्याकाळपर्यंत उघडता येणार नाही. तोवर बोला.

---

मिरजेचा तंबोरा

झकास. आमच्या गल्लीत तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर तो उचलून टिचकी मारतात आणि कान लावतात. साल किती देखणी आहे ते कुणी बघत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, त्यातला एखादाच 'बोलणारा'. तुमच्या पेवाला टिचकी मारून बघितलीत का कधी?

---

हरिपूरकरीण

मारते की. भट्टीतून काढल्यावर पहिलं कामच ते. नीट भाजलेलं असेल तर घंटेसारखा नाद, आत बारीक चीर असेल तर बद्द आवाज. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते.

---

पुण्यात सध्या

ताई, मी इथं शनिवार-रविवारचा क्लास लावलाय. माझ्या प्रत्येक वाडग्याच्या तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. मास्तर म्हणतात माती नीट मळत नाहीस. खरं आहे का? आणि हवेचा बुडबुडा राहिला की भट्टीत स्फोट होतो म्हणतात, त्याची जाम भीती वाटते.

---

हरिपूरकरीण

मास्तर अर्धे बरोबर. भिंती वर ओढताना माती दाबली जाते, तळ तसाच सैल राहतो. मग वाळताना तळ जास्त आटायला बघतो आणि फाटतो. चाक फिरत असतानाच तळावरून मध्यापासून कडेला आणि परत, बोटांनी किंवा लाकडी पट्टीने तीन-चारदा दाबून घ्या. तळात साचलेलं पाणी स्पंजने टिपा. वाळवताना भांडं उलटं ठेवा म्हणजे तळाला वारा लागेल. आपल्याकडे मार्च-एप्रिलला तर मी दोन दिवस झाकूनच ठेवते, नाहीतर कड वाळते आणि पोट ओलं.

स्फोट बुडबुड्याने होत नाही हो, ओलीने होतो. जाड माती आत ओली राहिली, भट्टी घाईने शंभर अंशांवर गेली की वाफ वाट काढते. वाळलेल्या भांड्यातला बुडबुडा निमूट बसून राहतो. फार तर तिथं फुगवटा दिसेल. मात्र सगळीकडून बंद पोकळ आकार केलात तर सुईएवढं भोक ठेवाच.

आणि ५७३ अंश लक्षात ठेवा. तिथं मातीतल्या गारेचे (क्वार्ट्झचे) कण एकदम फुगतात आणि थंड होताना त्याच अंशाला पुन्हा आकसतात. घाईघाईत भट्टी उघडणाऱ्यांची भांडी उतरतीच्या वेळी तडकतात ती बहुतेक त्यामुळे.

---

आंबटगोड

माझा प्रश्न रुक्ष आहे. आमच्या घरी कढी, ताक, चिंचेची आमटी, लोणचं असलं आंबटच जास्त. रंगीत ग्लेझच्या भांड्यात शिसं असतं म्हणतात. तुमच्या वाडग्यात कढी वाढू का नको?

---

रसायनवाले सर

धागाकर्तीच्या आधी मी तोंड घालतो, निवृत्त मास्तर असल्यामुळे राहवत नाही. शिसं कमी तापमानाला काच वितळवतं आणि सुरेख चकाकी देतं, म्हणून पूर्वीपासून कमी भाजणीच्या ग्लेझमध्ये ते वापरत. आंबट पदार्थात ते उतरतं, हे खरं. बाराशे अंशांवर वितळवायला त्याची गरज नाही, फेल्डस्पार, चुना, बोरॉन ही कामं करतात. पण 'शिसं नाही' म्हणजे 'सगळं आलबेल' असंही नाही. तांब्याने हिरवं केलेलं, वरून खडबडीत मॅट ग्लेझ आंबटात तांबं सोडू शकतं. घरची चाचणी म्हणजे लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग फिका पडला तर ग्लेझ कच्चं. मात्र रंग फिका पडला नाही म्हणून शिसं नाही असा अर्थ काढू नका. त्याला प्रयोगशाळाच लागते.

---

हरिपूरकरीण

सरांना दंडवत. मी भर घालते. माझ्या जेवणाच्या सगळ्या भांड्यांना आतून बिनरंगी ग्लेझ असतं, रंगाचे खेळ बाहेरून. शिसं आमच्या गोठ्यात शिरतच नाही. कढी खुशाल वाढा. लोणच्यालाही चालतं. आपल्या आज्यांची चिनी मातीची बरणी, वर तपकिरी आणि खाली पांढरी, ती स्टोनवेअरच. मीठ आणि आंबट वर्षानुवर्षं तिला काही करू शकत नाही म्हणून तर ती टिकली.

---

सरळसोट

स्पष्ट बोलतो, राग नसावा. कपबशी ठीक. पण सहाशे रुपयांना? (तुमच्या पानावर बघितली.) स्टीलचा कप साठ रुपयांत येतो, पडला तर वाजतो, फुटत नाही. आणि पेव वगैरे वाचायला छान वाटलं, पण उद्या कुणीही मडकं वाकडं करील आणि आत हात घाला म्हणेल.

---

हरिपूरकरीण

राग कसला. दहा कप चाकावर निघाले तर माझे सात बाजारात जातात. एक वाळताना, एक पहिल्या भाजणीत, एक ग्लेझच्या लहरीत. एका मोठ्या भाजणीला साठ-सत्तर युनिट वीज. माती, फेल्डस्पार राजस्थान-गुजरातकडून पोत्याने येतं, कारण आपली माती तेवढा ताप सोसत नाही, मघाशी सांगितलं तसं ती वितळते. ह्यात माझी मजुरी मिळवली की सहाशे होतात. स्टीलचा कप वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. आमच्या घरी पाणी स्टीलच्याच तांब्याने पितात.

'कुणीही वाकडं करील' याला मात्र होय म्हणते. करावंच. अमेरिकेत पीटर व्हॉल्कोसने १९५० च्या दशकात चाकावरची भांडी एकमेकांवर रचून, कापून, भोसकून मोठी शिल्पं केली, तेव्हा तिथल्या लोकांनीही हेच म्हटलं असणार. पण तो आधी चाकावर पक्का बसलेला माणूस होता. सरळ भांडं काढता न येणाऱ्याने वाकडं केलं की ते वाकडं दिसत नाही, फसलेलं दिसतं. फरक सांगता येत नाही, पण तुम्हालाही लगेच दिसेल.

---

थापटणं

दोन दिवस वाचतोय. लिहावं का नको असं चाललं होतं. मी कुंभाराचा. गाव तासगाव तालुक्यात, नाव सांगत नाही. वडील अजून चाक चालवतात, मी एमआयडीसीत कामाला.

ताई, तुमचं लिखाण चांगलं हाय, पण एक सल हाय ती सांगतो. आमचा म्हातारा आयुष्यभर हेच करतोय. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, घरोघरी बैलजोड, संक्रांतीला सुगडं, नवरात्राला घट, उन्हाळ्यात माठ, आणि कुणी गेलं की रात्री-अपरात्री दार वाजवून मागायला येतात ते मडकं. त्याला कुणी कलाकार म्हटलं नाही. म्हणाले कुंभार. तुम्ही शहरातली माणसं तीच माती घेता, सहा महिने शिकता, आणि सिरॅमिक आर्टिस्ट होता. पेपरात फोटो. म्हाताऱ्याचा बैल वीस रुपयाला मागतात आणि त्यातबी घासाघीस.

दुसरं. 'आतला हात' तुम्ही चाकावर सांगितला. आमच्याकडं चाकावर भांडं अर्धंच होतं. तळ उघडा, भिंत जाड. मग सावलीत वाळवून, आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत पोट फुगवायचं, तळ मिटवायचा. माठ चाकावर गोल होत नाही, मांडीवर होतो. तुम्ही पेवाचा गोलपणा थापटून मोडता, आम्ही थापटून गोल करतो.

---

हरिपूरकरीण

दादा, बरं झालं लिहिलंत. सलीवर माझ्याकडे मलम नाही, उगाच आव आणत नाही. एवढं खरं की मला बँकेतली शिल्लक होती, गोठा होता, इंग्रजीत चार ओळी लिहिता येत होत्या. पेपरवाले माझ्याकडे आले ते मातीमुळे कमी आणि ह्यामुळे जास्त. तुमच्या वडिलांचं चाक माझ्या चाकाहून जुनं आहे आणि माझी किंमत मी ठरवते, त्यांची गिऱ्हाईक ठरवतं.

सहा महिने शिकले हेही खरं. पाँडिचेरीला गेले होते. तिथं रे मीकर आणि डेबोरा स्मिथ ह्या जोडप्याने १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि देशभरातले कितीतरी स्टुडिओवाले त्या मुशीतून निघालेत. त्या शहरात राहून मी जे शिकले त्यात माठ थापटणं नव्हतं. तळ उघडा ठेवून मांडीवर मिटवणं मी व्हिडिओत बघितलंय, हाताने केलेलं नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हा लख्ख कळलं की पेवाचे दोन भाग जोडायचा माझा खटाटोप तुमच्या वडिलांना हास्यास्पद वाटेल. ते एकाच गोळ्यात पोट फुगवतील.

बैल हातानेच वळतात का, की साच्यात?

---

थापटणं

हातानंच. साचा गणपतीला. बैलाला आधी पाय चिमटून काढायचे, मग वशिंड, शिंगं शेवटी. म्हातारा बोलत बोलत दोन मिनिटात एक उभा करतो. बेंदराआधी पंधरा दिवस घरभर बैलच बैल, पाय ठेवायला जागा नाही. आमच्याकडं आषाढातला बेंदूर, पण तिकडं सीमेकडं कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणून त्या बाजूची मागणी आधी यायची. आता प्लॅस्टरचे रंगवलेले येतात.

---

खापरपणजोबा

(नाव बघून हसू नका, खापरं गोळा करायचा नाद आहे.)

उपयोगाचं की शिल्प, हा वाद वाचून इनामगावचा रांजण आठवला. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या संकलिया, ढवळीकर मंडळींनी उत्खनन केलं. तिथं एक मोठ्या पोटाचं मातीचं भांडं मिळालं, खाली चार आखूड पाय, आणि आत माणसाचा सांगाडा, मांडी घालून बसवावा तसा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं. आता हे भांडं म्हणायचं, शवपेटी म्हणायची की पोट? कुणा कुंभाराने ते केलं तेव्हा त्याला हा प्रश्न पडला नसणार.

बंगालातल्या बाँकुड्याचे पांचमुड्याचे घोडेही बघा. ते बव्हंशी चाकावर काढलेल्या नळ्यांतूनच जोडतात. पाय वेगळे, मान वेगळी, धड वेगळं. घोडा दिसतो, पण आतून भांडीच असतात ती.

---

हरिपूरकरीण

चार पायांचं ते भांडं मी फोटोत बघितलं होतं, आत माणूस बसवलेला होता हे डोक्यातून गेलं होतं. आज रात्री झोप लागायची नाही. पेवाला पाय लावून बघणार.

---

भडंगप्रेमी

मोठ्या चर्चेत छोटी शंका. आमच्या हिने मातीचा तवा आणला, पहिल्याच भाकरीला दोन तुकडे. दुकानदार म्हणतो तुम्हीच नीट वापरला नाही. आणि चकचकीत ग्लेझ केलेला देखणा माठ घेतला तर पाणी गारच होत नाही. फसवलं का आम्हाला?

---

हरिपूरकरीण

माठात फसवलं नाही, पण सांगायला हवं होतं. माठ गार करतो कारण पाणी भिंतीतून झिरपून बाहेर उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. ग्लेझ म्हणजे काच. काचेतून पाणी झिरपणार कसं? चकचकीत माठात फुलं ठेवा आणि पाण्याला लाल माठ आणा, 'थापटणं' दादांच्या गावाकडून.

तव्याचं थापटणं दादांनी सांगावं.

---

थापटणं

नवा तवा रातभर पाण्यात ठेवायचा. वाळवून त्यात भाताची पेज उकळायची, छिद्रं भरतात. मग मंद जाळ, हळूहळू वाढवायचा. तापल्या तव्यावर गार पाणी मारायचं नाही. गॅसवर ठेवला तर खाली लोखंडी जाळी. एवढं करून फुटला तर कुंभाराची चूक.

---

कोयनाकाठ

मडक्याचा विषय आणि गोरोबाकाकांची आठवण कुणी काढली नाही? संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं ते बघणारे. नामदेव कच्चे निघाले. 'थापटणं' भाऊ, ह्या धाग्यावरची मडकी पण तपासून घ्या एकदा. सुरुवात सरळसोटपासून करा.

---

सरळसोट

मारा. पण आधी सांगतो, बशी मागवलीय. वडील बशीतून पितात.

---

हरिपूरकरीण

भट्टी उघडली. सोळा कपांतले बारा ठीक. एका पेवाला जोडावर केसाएवढी चीर, टिचकीला बद्द वाजतंय. तेच ते, दोन भाग जोडल्याचं.

थापटणं दादा, एक विचारू का? बेंदराच्या आधीच्या गडबडीत नाही, नंतर. वडिलांना हरिपूरला आणाल का? किंवा मीच येते. एकाच गोळ्यातून एवढं पोट मांडीवर कसं मिटवतात ते मला बघायचंय. शिकवणीचे पैसे क्लासवाले घेतात तेवढे, आधी ठरवून. घासाघीस नाही.

---

थापटणं

विचारलं. म्हातारा म्हणाला, बाई चाकावर बसती का? मी म्हटलं बसती. म्हणाला, मग चाक तिचं राहू दे, माती आपली न्यायची. ती पोत्यातली माती थापटण्याखाली टिकायची नाही म्हणतोय.

आव्याला, म्हणजे आमच्या उघड्या भट्टीला, शेणी आणि चगाळ (सुका पालापाचोळा) तुमच्याकडं मिळेल का तेवढं सांगा. विजेच्या भट्टीत माठ भाजायला तो तयार नाही.

---

हरिपूरकरीण

शेणी तात्यांकडे. चगाळाचं बघते. तुमच्या मातीच्या ट्रॉलीसाठी नदीकाठी जागा मोकळी करून ठेवते.